मठाच्या दाराशी मोटारींची रांग

बीअरसारख्या पेयाविषयी कुटुंबाच्या साप्ताहिकात लिहावे काय, असा प्रश्न हे पान उघडताच आमच्या काही वाचकांच्या मनात उभा राहील, आणि तो रास्तही आहे. दारूपायी धुळीला मिळालेली घरे आपल्या कोणत्या गावात नाहीत? पगाराच्या दिवशी कोणत्या घरची माउली कोणत्या धास्तीने दाराकडे डोळे लावून बसते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. बडोद्याकडील वाचकांच्या राज्यात तर १९६० साली राज्य निर्माण झाल्यापासून दारूबंदीच आहे. हे सर्व ध्यानी धरूनच आम्ही आज ह्या विषयाला हात घालीत आहोत. आम्हांला बीअरची महती गावयाची नाही. आम्हांला सांगावयाची आहे ती एका चमत्कारिक पेचाची हकीकत. जगापासून दूर जाऊन मौनाने राहावे म्हणून ज्यांनी रानात मठ बांधला, त्यांच्या हातचे पेय जगाला इतके आवडले की जगच मोटारी घेऊन त्यांच्या दाराशी येऊन उभे राहिले. अशा वेळी त्या मठवाशांनी काय करावे?

अवाढव्य कारखान्यांतून एकाच चवीच्या लक्षावधी बाटल्या रोज बाहेर पडतात. त्याउलट थोड्या प्रमाणात, जुन्या रीतीने, जाणत्या कारागिराच्या हाताखाली तयार होणाऱ्या बीअरला अलीकडे ‘क्राफ्ट बीअर’ म्हणू लागले आहेत. हे वारे आपल्याकडेही आले आहे. २००९ साली पुण्यात अशी एक लहानशी ब्रुअरी निघाली, आणि पुढे बंगळूर शहर तर त्याकरिता प्रसिद्धच झाले. परंतु युरोपातील बेल्जम देशात ही नवी हौस नव्हे. तेथे गावोगावी आपापली बीअर असावयाची, जशी आपल्याकडे गावोगावची चटणी आणि गावोगावचा मसाला. त्या देशाची बीअर-संस्कृती २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तेव्हापासून, आणि खरे म्हणजे त्याच्याही बऱ्याच आधीपासून, केवळ ब्रुअऱ्या पाहावयास आणि त्यांतील पेय चाखावयास देशोदेशीचे प्रवासी तेथे जात असतात.

ज्यांना ह्या पेयाची कृती ठाऊक नसेल त्यांच्याकरिता दोन शब्द. सातूचे दाणे भिजवून त्यांना मोड आणावयाचे, ते भट्टीत वाळवावयाचे, भरडून ऊन पाण्यात ठेवावयाचे, म्हणजे दाण्यातील पिठाची साखर होते. तो गोड रस हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळावयाचा. हॉपने कडवटपणा येतो आणि पेय टिकतेही. रस निवला की त्यात खमीर घालून आंबू द्यावयाचा. ज्या गोमंतकीय घरात सान्नांचे पीठ माडाच्या सुरेने फुगते, त्या घरातील गृहिणीला आंबण्याची ही किमया अधिक समजावून सांगावयास नको. मात्र फेणी जशी गाळून, म्हणजे वाफ करून व ती थिजवून काढतात, तशी बीअर गाळीत नाहीत. म्हणून ती त्या मानाने सौम्य असते. ‘त्या मानाने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण मठातील काही बीअर चांगल्याच कडक असतात.

आता मठाकडे वळू. बेल्जमच्या अगदी पश्चिम टोकाला, फ्रान्सच्या सरहद्दीजवळ, वेस्टफ्लेटरेन नावाचे खेडे आहे. सभोवार सपाट शेते आणि उंच खांबांवर चढवलेले हॉपचे वेल. तेथे १८३१ साली काही ट्रॅपिस्ट संन्याशांनी संत सिक्स्तस ह्यांच्या नावाने मठ स्थापला. ट्रॅपिस्ट म्हणजे संत बेनेडिक्ट ह्यांच्या नियमावलीप्रमाणे चालणारी, सिस्टर्शियन परंपरेतील एक कडक शाखा. सतराव्या शतकात फ्रान्समधील ला ट्रॅप ह्या मठात जी सुधारणा झाली तिच्यावरून हे नाव पडले. प्रार्थना, अध्ययन आणि हातांचे काम अशी त्यांच्या दिवसाची विभागणी असते, आणि बोलणे गरजेपुरतेच. ह्या मठाने १८३९ साली बीअर करण्याचा परवाना घेतला. प्रथम ती घरच्यापुरती, म्हणजे मठवाशांच्या आणि कामकऱ्यांच्या जेवणाबरोबर घेण्यापुरती होती. बाहेरच्या लोकांना तिची सर्रास विक्री १९३१ साली सुरू झाली.

मठवाशांनी बीअर करावी हे आपल्या मनाला खटकते. म्हणून संत बेनेडिक्ट ह्यांनी सहाव्या शतकात काय नेमून दिले ते येथे पाहणे इष्ट होईल. नियमावलीच्या ४० व्या प्रकरणात ते पेयाविषयी बोलतात. मद्य मठवाशांसाठी नव्हेच असे आपण वाचतो खरे, पण आजच्या मठवाशांना ते पटणार नाही, तेव्हा निदान मर्यादा तरी असावी, अशा अर्थाचे थोडे खिन्न, थोडे व्यवहारी असे त्यांचे म्हणणे आहे. मग ते रोजचे एक लहान माप ठरवून देतात आणि ज्याला ते सोडणे शक्य असेल त्याची वाखाणणी करतात. ४८ व्या प्रकरणात ते सांगतात की मठवासी स्वतःच्या हातांच्या श्रमांवर जगतील तेव्हाच ते खरे मठवासी. ५३ व्या प्रकरणात दाराशी आलेल्या प्रत्येक पाहुण्यात ख्रिस्ताला पाहून त्याचे स्वागत करण्यास सांगितले आहे. आणि ५७ वे प्रकरण तर आमच्या आजच्या विषयाकरिताच लिहिले आहे की काय असे वाटते. मठातील कारागिराला आपल्या कसबाचा ताठा चढला तर त्याला त्या कामावरून काढावे, आणि मठातील वस्तू विकताना लोभ शिरू नये म्हणून ती बाजारभावापेक्षा थोडी स्वस्तच विकावी, असा त्याचा आशय आहे.

ही शेवटची आज्ञा वाचणाऱ्याला सोपी वाटते. पण वस्तू उत्तम, माप थोडे आणि किंमत कमी, असे तिन्ही एकत्र आले म्हणजे दाराशी काय घडते ते पाहा.

संत सिक्स्तस मठाने फार पूर्वीच ठरवून टाकले होते की वाढावयाचे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, मठाधिपतींनी व्यापाराचा व्याप कमी व्हावा म्हणून जवळच्याच वाटू गावातील एका ब्रुअरीला परवाना देऊन टाकला. मठाच्या नावाने बीअर तिने करावी व विकावी, आणि मठाने आपल्यापुरती करावी. हा करार १९९२ पर्यंत चालला. मठाच्या भिंतीआड होत असलेले उत्पादन मात्र वर्षाला सुमारे ६ हजार हेक्टोलिटर इतकेच राहिले. एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर. त्याच देशातील वेस्टमाले आणि शिमे येथील ट्रॅपिस्ट ब्रुअऱ्या वर्षाला लाखाहून अधिक हेक्टोलिटर काढतात, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या मठाचा संयम कळून येईल. जाहिरात नाही, फिरता विक्रेता नाही. १९४५ पासून पुढे कित्येक दशके तर बाटलीला साधी कागदी चिठ्ठीही नसे. काय तो मजकूर झाकणावर.

अशा स्थितीत २००५ साल उजाडले. अमेरिकेतील एका संकेतस्थळावर जगभरचे शौकीन आपापले गुण नोंदवीत असत. त्या गुणांवरून मठाची ‘१२’ ह्या आकड्याने ओळखली जाणारी काळसर बीअर जगात पहिली ठरली. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण शेकडा १०.२ इतके असते. वृत्तपत्रांनी ती बातमी उचलली, आणि त्या उन्हाळ्यात खेड्यातील अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागली. मठाचा साठा संपला आणि विक्री काही काळ थांबवावी लागली. दुसरा कोणी असता तर त्याने लागलीच नवी भांडी मागवली असती, दुप्पट माणसे लावली असती. मठाने उत्पादन वाढवण्यास नकार दिला. मठवासी व्हावयाचे म्हणून आम्ही बीअर करतो, बीअर करावयाची म्हणून मठवासी झालेलो नाही, अशा आशयाचे उत्तर तेथून वर्षानुवर्षे मिळत आले आहे.

उत्पादन न वाढवता रांग कशी आवरावी? मठाने त्याकरिता ज्या युक्त्या काढल्या त्या पाहून आमच्या रेशन दुकानांच्या जुन्या दिवसांची आठवण होते. गिऱ्हाइकाने आधी दूरध्वनी करून वेळ मागून घ्यावयाची, आपल्या मोटारीचा क्रमांक सांगावयाचा, आणि ठरल्या दिवशी ठरल्या वेळी त्याच मोटारीने येऊन लाकडी खोकी उचलावयाची. एकदा माल नेला की काही आठवडे पुन्हा त्याच क्रमांकावरून मागणी चालत नसे. दूरध्वनी लागणे हीच एक तपश्चर्या होऊन बसली होती. पावतीवर ही बीअर पुढे विकू नये अशी स्पष्ट सूचना छापलेली असे. तरी माणसाचा लोभ कुठे जातो? २०१८ साली नेदरलँड्समधील एका दुकान-साखळीने ती बाटली सुमारे १० युरोंना विकावयास ठेवली. मठाच्या दारात तीच बाटली २ युरोंच्या आत मिळत होती. ह्या काळ्या बाजाराला आळा घालावा आणि साध्या गिऱ्हाइकाला संधी मिळावी म्हणून २०१९ मध्ये दूरध्वनीची पद्धत बंद करून मठाने संगणकावरून नोंदणी सुरू केली. चार भिंतींआड राहून जगाशी कमीत कमी व्यवहार ठेवू पाहणाऱ्यांना अखेर जगाचेच साधन हाती घ्यावे लागले, हा दैवदुर्विलास नव्हे तर काय?

पाहुण्याचे स्वागत करावे ही आज्ञा मात्र त्यांनी मोडली नाही. १९९९ साली मठासमोर रस्त्याच्या पलीकडे ‘इन दे व्रेडे’ नावाचे उपाहारगृह नव्याने उभे राहिले. नावाचा अर्थ ‘शांतीमध्ये’. ब्रुअरी पाहावयास मठात प्रवेश नाही, हे तेथे येणाऱ्या प्रत्येकाला कळून चुकते. पण ह्या घरात बसून मठाची बीअर मापात घेता येते, भाकरी-चीज खाता येते, आणि शेजारच्या दालनात मठवाशांचा दिवस कसा जातो ह्याची माहिती मिळते. ज्यांना खरोखरच शांतता हवी असते त्यांना मठाच्या अतिथिगृहात राहून प्रार्थनेत सहभागी होता येते. आमच्या मते ही रस्त्याच्या दोन बाजूंची योजना फार शहाणपणाची आहे. पाहुणा रस्त्याच्या ह्या बाजूस, मौन त्या बाजूस, आणि मधून मंदिराच्या घंटेचा आवाज दोघांनाही सारखा ऐकू जातो.

ह्या प्रवाशांमुळे लाभ झाला तो केवळ मठाचा नव्हे. ज्याला मठात तासभरही जाता येत नाही तो माणूस उरलेला दिवस आसपासच घालवतो. जवळच पोपेरिंगे हे हॉपच्या शेतीचे गाव आहे. तेथे हॉप तोलण्याच्या जुन्या सरकारी इमारतीत हॉपचे संग्रहालय आहे, आणि दर तीन वर्षांनी सप्टेंबरात हॉपची मिरवणूक निघते. थोड्या अंतरावर ईप्र शहर. पहिल्या महायुद्धात ह्या शहराच्या वेशीवर लक्षावधी माणसे मारली गेली. तेथील मेनिन वेशीच्या स्मारकावर ज्यांचे शव सापडले नाही अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत १९१४ व १९१५ मध्ये तेथे लढलेल्या भारतीय सैनिकांचीही आहेत. युद्धात हा प्रदेशाचा कोपरा जर्मनांच्या हाती पडला नाही म्हणून संत सिक्स्तस मठाची तांब्याची भांडी वाचली. इतर ट्रॅपिस्ट ब्रुअऱ्यांची भांडी जर्मन सैन्याने धातूसाठी ओढून नेली. सायकलीवरून फिरणारी कुटुंबे सकाळी स्मशानभूमीत फुले वाहतात, दुपारी मठासमोर बसतात आणि रात्री खेड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरच्या खोलीत उतरतात. शेतीच्या जोडीला चार पैसे मिळतात ते असे.

आणि एकदा, फक्त एकदा, मठाने आपलाच नियम शिथिल केला. इमारती जुन्या झाल्या होत्या, डागडुजी भागण्यासारखी नव्हती, नवे बांधकाम काढावे लागले होते. पैसा उभा करण्यासाठी ३ नोव्हेंबर २०११ रोजी बेल्जममधील दुकानांतून सहा बाटल्या व दोन पेले असलेली ९३ हजार खोकी २५ युरोंना एक अशी विक्रीस ठेवण्यात आली. ती हातोहात खपली, आणि पुढील वर्षी परदेशांतही अशीच विक्री झाली. बांधकामापुरता पैसा जमला आणि दार पुन्हा पूर्ववत मिटले. आपल्या गावच्या देवळाच्या छपरासाठी फेस्ताच्या दिवशी जे ‘लिलाव’ होतात त्यांचेच हे मोठे रूप म्हणावयाचे. लिलाव संपला की उद्यापासून देवळात दुकान मांडावयाचे नसते.

सर्वच मठ असे कडक नाहीत, आणि ते असावेत असेही आमचे म्हणणे नाही. लक्झेम्बर्गच्या बाजूस ऑर्वाल येथे बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठवासी आले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्याने १७९३ साली तो मठ जाळला आणि पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे तेथे केवळ पडक्या भिंती होत्या. १९२६ साली पुनर्बांधणी सुरू झाली, तेव्हा खर्च भागावा म्हणूनच १९३१ मध्ये तेथे ब्रुअरी घालण्यात आली. नव्या मठाचे बांधकाम १९४८ मध्ये पुरे झाले. म्हणजे त्या मठाचे चिरे बऱ्याच अंशी बीअरने उभे केले असे म्हणावयास हरकत नाही. आज प्रवाशाला जुन्या मठाचे भग्नावशेष व संग्रहालय हिंडून पाहता येते. नव्या मठाचा प्रार्थनेचा भाग मात्र बंदच. शिमे येथे ह्याहून निराळी तऱ्हा. तेथील मठ १८५० साली वेस्टफ्लेटरेनच्याच मठवाशांनी वसवला. तो प्रदेश गरीब, कारखाने थोडे. मठाने ब्रुअरी वाढू दिली, गावच्या माणसांना कामे दिली, मठापासून चालण्याच्या अंतरावर पाहुण्यांसाठी खाणावळ व प्रदर्शन उघडले, आणि १९९६ साली एक प्रतिष्ठान स्थापून मिळकतीचा मोठा भाग त्या भागाच्या विकासाकडे वळवला. वाढावे की न वाढावे, ह्या एकाच प्रश्नाची एकाच नियमावलीखालील दोन मठांनी दिलेली ही दोन उत्तरे. दोन्ही प्रामाणिक आहेत असे आम्हांला वाटते.

नकली मालाचा उपद्रव अर्थातच झाला. मठाचे चित्र छापून कोणीही बाटली विकू लागला. तेव्हा १९९७ साली ट्रॅपिस्ट मठांनी एकत्र येऊन एक संघ काढला आणि षट्कोनी आकाराची एक खूण ठरवली. वस्तू मठाच्या आवारात किंवा त्याला लागून झाली पाहिजे, मठवाशांच्या देखरेखीखाली झाली पाहिजे, आणि नफा मठाच्या निर्वाहासाठी व उरलेला परोपकारासाठी गेला पाहिजे, तरच ती खूण मिळते. खूण मिळाली म्हणजे कायमची मिळाली असेही नाही. नेदरलँड्समधील एका मठाने मोठ्या कंपनीशी करार केला म्हणून १९९९ मध्ये त्याला ती वापरणे सोडावे लागले, आणि व्यवस्थेत बदल केल्यावर २००५ मध्ये परत मिळाली.

मठांबाहेरच्या दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. ब्रसेल्स शहरात १९०० सालापासून कांतियाँ नावाची एका कुटुंबाची ब्रुअरी आहे. तेथील बीअरमध्ये खमीर घालीतच नाहीत. उकळलेला रस माळ्यावरच्या रुंद उथळ तांब्याच्या भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात, आणि हवेतून जे खमीर येऊन पडेल त्याच्यावर भरवसा. म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच होते. मग ओकच्या पिंपांत एक, दोन, तीन वर्षे मुरवण. माशा येऊ नयेत म्हणून कोळी पाळलेले, तेव्हा जाळी झाडावयाची नाहीत. (आमच्या गृहिणींनी ही सबब उचलू नये.) लोकांची जीभ गोड पेयांना सोकावली आणि ही आंबट बीअर कोणी घेईना, तेव्हा १९७८ साली त्या कुटुंबाने कारखाना चालू ठेवूनच त्याचे संग्रहालय केले. पाहावयास आलेली माणसे चाखू लागली, चाखणारी विकत नेऊ लागली. एक मरू घातलेला धंदा प्रवाशांनी जगवला. दुसरी गोष्ट ब्रुज शहराची. तेथे गावाच्या मध्यभागी एक जुनी घरगुती ब्रुअरी आहे. बाटल्या भरण्याचा कारखाना २०१० मध्ये गावाबाहेर नेल्यावर टाकी वाहणाऱ्या मोठ्या गाड्या मध्ययुगीन फरसबंदीवरून रोज येरझारा घालू लागल्या. २०१६ साली मालकांनी रस्त्याखालून सुमारे तीन किलोमीटर लांबीची बीअरची नळवाहिनीच टाकली. खर्चाचा काही भाग लोकांनी वर्गणी देऊन उचलला आणि वर्गणीदारांना मोबदल्यात आयुष्यभर बीअर मिळावयाची! ज्या जुन्या गल्ल्या पाहावयास प्रवासी येतात त्याच गल्ल्या धंद्याच्या गाड्यांखाली झिजू नयेत, हा त्यातला विचार आम्हांला विशेष आवडला.

आमच्या गोव्याच्या वाचकांना एव्हाना काजूचा हंगाम आठवला असेल. कोळंबीत बोंडू तुडवणे, त्याचा नीरो, पहिल्या धारेचा उर्राक आणि मग फेणी, हेही एक हातचे कसब आहे आणि तेही पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबात चालत आलेले. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा-पेय ठरवले. त्याआधी कायद्याच्या कागदावर ती नुसती ‘देशी दारू’ होती. आता काही ठिकाणी प्रवाशांना भट्टी दाखवावयास नेतात. चांगले आहे. परंतु समुद्रकिनाऱ्यावरील खानावळीत फेणीच्या पेल्याला जो भाव पडतो त्यातले किती पैसे भट्टीवाल्याच्या हाती येतात, आणि माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराचा मुलगा त्या माडावर चढावयास तयार आहे काय, हे विचारावयास हवे. तो तयार नाही, हे गोव्यातील कोणीही सांगेल. वेस्टफ्लेटरेनच्या दारात गिऱ्हाईक कारागिरालाच पैसे देतो. मध्ये कोणी नाही. आम्हांला त्या मठाच्या व्यवस्थेत घेण्यासारखे काही असेल तर ते हे आहे, जगात पहिला नंबर येणे नव्हे.

पाण्याचीही एक गोष्ट ह्या निमित्ताने आठवते. रोशफोर येथील ट्रॅपिस्ट मठ आपल्या बीअरसाठी एका झऱ्याचे पाणी घेतो, आणि त्याच झऱ्यावर गावातील नळही चालतात. शेजारी चुनखडीची मोठी खाण आहे. खाण अधिक खोल नेण्याचा बेत निघाला तेव्हा झऱ्याच्या पाण्यात बिघाड होईल म्हणून मठ न्यायालयात गेला. वाद वर्षानुवर्षे चालला आणि २०२१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने मठाच्या बाजूने निकाल दिला. रोशफोरची ब्रुअरी प्रवाशांना दाखवीत नाहीत. तरी तिचे नाव दूरवर गाजलेले आहे म्हणूनच एका झऱ्याच्या दाव्याकडे देशाचे लक्ष लागले, असे आम्ही समजतो. पाहुणे दाराबाहेर राहूनही कधी कधी असे उपयोगी पडतात.

खरा प्रश्न आता निराळाच आहे. पाहुणे वाढत आहेत आणि मठवासी घटत आहेत. तरुण येत नाहीत, वृद्ध एकामागून एक देवाघरी जात आहेत. अमेरिकेत स्पेन्सर येथील मठाने २०१४ साली त्या देशातील पहिली ट्रॅपिस्ट ब्रुअरी मोठ्या उमेदीने काढली. पण धंदा झेपेना, आणि २०२२ मध्ये ती बंद झाली. ऑस्ट्रियातील एंगेल्सझेल येथे २०१२ मध्ये बीअर सुरू झाली होती. तेथे मठच राहिला नाही. संख्या इतकी घटली की २०२३ साली तो मिटवण्याचा निर्णय झाला.

बेल्जम आणि नेदरलँड्स ह्यांच्या सीमेवर आखेल येथे एक मठ होता. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी त्याची भांडी नेली, आणि त्यानंतर ऐंशी वर्षे तेथे बीअर झाली नाही. १९९८ मध्ये इतर मठांतील वृद्ध बंधूंच्या मदतीने काम पुन्हा सुरू झाले. सीमेवरच्या रानातून सायकली हाकीत येणारी मंडळी अंगणात बसून ती पिऊ लागली, आणि वर्दळ वर्षानुवर्षे टिकली. पाहुण्यांची तेथे कधी वाण पडली नाही. २०२१ साली मात्र तेथे देखरेख करावयास एकही मठवासी उरला नाही. उरलेले बंधू वेस्टमालेच्या मठात राहावयास गेले, आणि नियमाप्रमाणे ती षट्कोनी खूण काढून घेण्यात आली. २०२३ मध्ये मठाची मालमत्ता एका खाजगी गृहस्थाने विकत घेतली. बीअर त्यानंतरही त्याच नावाने निघत राहिली. बाटलीवरची खूण तेवढी नव्हती.